पाठीवर पिशवी, सोबत चौघं: कोथरूडहून मुरुड-हर्णैच्या पुळणीवर

कोथरूडमध्ये कर्वे रस्त्यानं रोज हजारो माणसं जातात-येतात. ज्यांच्या नावाचा हा रस्ता, त्या महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं मूळ गाव मुरुड. दापोली तालुक्यातलं, समुद्राला लागून असलेलं. १८७५ साली सरकारी परीक्षेला बसायचं म्हणून धोंडो आणि त्याचे काही सोबती या मुरुडातून साताऱ्याला पायी निघाले. भर पावसात, कुंभार्ली घाट चढून, शंभराहून जास्त मैल. एवढं चालून गेल्यावर तिथल्या साहेबांनी ‘वय कमी दिसतं’ म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. पाठीवर वळकटी, बरोबर चार समवयस्क आणि वाटेत मिळेल तिथे मुक्काम, असा हा प्रवास. आज आपली मुलं ज्याला बॅकपॅकिंग म्हणतात तो प्रकार कोथरूडच्या आद्य पुरुषानं दीडशे वर्षांपूर्वी उलट्या दिशेनं केला होता.

आपण मात्र कोकणात जायचं म्हटलं की गाडी काढतो. शनिवारी पहाटे चांदणी चौक गाठायचा, दोन दिवसांत पाच किनारे, तीन देवळं आणि एक किल्ला उरकायचा, रविवारी रात्री घाटातल्या रांगेत उभं राहून घरी यायचं. यात कोकण दिसतं, पण गाव भेटत नाही. मला सुचवायचं आहे ते याच्या उलट: गाडी घरी ठेवा, माणसं मोजकी घ्या, आठ-दहा मैलांचा एकच पट्टा निवडा आणि तो एसटीनं व पायी करा. त्यासाठी हा लेख. उदाहरणाला मुरुड, हर्णै, आंजर्ले ही ओळ घेतली आहे. गुहागर किंवा श्रीवर्धनच्या बाजूला जाणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी एक इशारा. महाराष्ट्रात किनाऱ्यावरची मुरुडं दोन आहेत. जंजिऱ्याजवळचं मुरुड रायगड जिल्ह्यात, कर्व्यांचं मुरुड रत्नागिरी जिल्ह्यात. फोनवर खोली ठरवताना, गाडीत तिकीट काढताना आणि नकाशावर बोट ठेवताना ‘मुरुड-हर्णै’ किंवा ‘दापोलीचं मुरुड’ असंच म्हणा. चुकलात तर पूर्ण एक दिवस जातो.

माणसं किती आणि कोणती

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लेअर परगण्यात डूलिन नावाचं एक छोटं गाव आहे. मोहरचे कडे जवळ, ॲरन बेटांना जाणाऱ्या बोटी तिथून सुटतात आणि संध्याकाळी पबमध्ये फिडल-बासरीचं पारंपरिक संगीत चालतं. जगभरातून एकटीदुकटी माणसं पाठीवर पिशवी घेऊन तिथे येतात. हॉस्टेलात एकावर एक रचलेल्या खाटा असतात आणि स्वयंपाकघर सामाईक असतं. रात्री एकाच शेगडीवर पास्ता उकडताना ओळखी होतात आणि सकाळी कड्यांकडे चालायला सोबत तयार. थोडक्यात, तिथे सोबती मुक्कामावर मिळतात.

कोकणातल्या गावात असं हॉस्टेल बहुधा नसतं. तुम्ही कुणाच्या तरी घरी उतरता, त्यांच्या पडवीतल्या किंवा मागच्या दारच्या खोलीत. सोबती तिथे मिळत नाहीत, ते कोथरूडहूनच न्यावे लागतात. म्हणून या सहलीची अर्धी तयारी म्हणजे माणसं निवडणं, आणि नेमका तोच भाग आपण हलगर्जीपणानं उरकतो. व्हॉट्सॲपच्या गटावर ‘कोण कोण येणार?’ असं टाकलं की अकरा अंगठे वर येतात, निघायच्या दिवशी सात जण उरतात आणि त्या सातांत दोघांना समुद्र आवडत नसतो.

चार हा आकडा सर्वांत सोयीचा. चौघं एका मोठ्या खोलीत किंवा दोन लहान खोल्यांत मावतात. दापोली स्टँडवर शेवटची एसटी चुकली तर रिक्षा परवडते. घरच्या बाईंना चार पानं वाढायला त्रास होत नाही. सहा असाल तर तीन-तीनच्या दोन तुकड्या मानून खोल्या धरा. आठच्या पुढे गेलात की ती सहल होते. सहलीला माझा विरोध नाही, पण तिचे नियम वेगळे.

निवडताना वय पाहू नका, चाल पाहा. साठीतला टेकडीवर रोज जाणारा माणूस पंचविशीतल्या जिमवाल्यापेक्षा वाळूत बरा चालतो. निघण्याआधीच्या दोन रविवारी सगळ्यांनी भरलेली पिशवी पाठीला लावून म्हातोबाच्या टेकडीवर किंवा वेताळ टेकडीवर एकत्र जाऊन यावं. दोन तासांत सगळं कळतं: कोणाचा बूट चावतो, कोण पुढे पळतो, कोण दर दहा मिनिटांनी थांबून फोटो काढतो, चहा मिळाला नाही की कोणाचा चेहरा उतरतो. एखाद्याला ‘तू नको येऊस’ म्हणायची वेळ आलीच, तर ती दापोलीपेक्षा टेकडीवर आलेली बरी.

पैशाचं आधीच ठरवा. एकाला खजिनदार करा, सगळ्यांकडून सारखी वर्गणी घ्या आणि जेवण, खोली, रिक्षा, होडी हे सगळं त्या पुरचुंडीतून जाऊ द्या. बीअर, काजू, कोकम सरबताच्या बाटल्या हे ज्याचं त्यानं पाहावं. हिशेब रोज रात्री, तिथल्या तिथे. पुण्यात परतल्यावर मागितलेले दीडशे रुपये जितकी मैत्री खातात तितकी कुठलीच गोष्ट खात नाही.

जायचं कसं

पुण्याहून दापोलीची एसटी स्वारगेटहून सुटते. कोथरूडकरांना आता वनाझहून मेट्रोनं जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून, मार्गिका बदलून थेट स्वारगेट गाठता येतं. मात्र मेट्रो सहाला सुरू होते, त्यामुळे पहाटेच्या गाडीला रिक्षाच बरी. काही गाड्या ताम्हिणीवरून जातात, म्हणजे आपल्याच दारावरून. ती गाडी कुठे थांबते आणि तिथे चढू देतात का, हे आरक्षण करतानाच विचारून घ्या. ‘वाटेत हात दाखवू’ या भरवशावर राहू नका. सुट्टीच्या दिवसांत भरलेली गाडी थांबत नाही. वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा बंद असतो, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी मार्गाची खात्री करा. वेळ सहा-सात तास धरा. लवकर पोचलात तर नशीब.

राज्याच्या हद्दीत एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा. चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास आहे. तो दापोली करून पुढे गुहागर-रत्नागिरीपर्यंत जाणाऱ्यांना परवडतो. एवढ्याशा पट्ट्यासाठी सुटी तिकिटंच स्वस्त पडतात, विशेषतः चमूत बायका असतील तर.

दापोली स्टँडवर उतरल्यावर पहिलं काम म्हणजे चौकशीच्या खिडकीवरचं वेळापत्रक मोबाइलमध्ये टिपून घेणं. दुसरं काम त्याहून महत्त्वाचं: ते वेळापत्रक एखाद्या कंडक्टरकडून तपासून घेणं. गावाकडच्या फेऱ्या बऱ्याचदा शाळेच्या वेळेशी बांधलेल्या असतात आणि शाळेला सुट्टी असली की त्यांतल्या काही सुटत नाहीत. आपण जातो शनिवार-रविवारी, नेमके त्याच दिवशी. तेव्हा प्रश्न असा विचारा: ‘मामा, ही साडेचारची रविवारी असते का?’ वस्तीच्या गाडीची चौकशीही इथेच करा. संध्याकाळी गावात मुक्कामाला जाणारी आणि पहाटे पहिल्यांदा परत निघणारी ती गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपलेले असतात, त्यामुळे ती सहसा चुकत नाही. परतीचा बेत शक्यतो तिच्यावर बांधा.

वडापच्या टमटम आणि सहा आसनी रिक्षाही चालतात. दर बसायच्या आधी ठरवा, आणि ‘सीट की स्पेशल’ हे स्पष्ट करा.

समुद्राचं घड्याळ

पायी जायचं तर भरती-ओहोटी कळलीच पाहिजे. ॲपवर तक्ते मिळतात, पण किनाऱ्यावर नेटवर्क जातं-येतं. जुना हिशेब सोपा आहे आणि तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून करता येतो: तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती पूर्ण. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तर पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या आसपास पाणी सर्वांत वर. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा, प्रत्यक्षात ते बाराकडे झुकतं. तिथून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज पाणी पाऊण तासानं उशिरा. हिशेबात अर्धा-पाऊण तासाचा फरक धरून चाला आणि शेवटचा शब्द गावातल्या खारव्याचा किंवा कोळ्याचा माना.

आता याचा उपयोग पाहा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी-मध्यरात्री बाराला येते, म्हणजे ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. या दिवसांत उधाण असतं, त्यामुळे ओहोटीला पाणीही खूप आत जातं. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी ऊन उतरताना घट्ट, ओली, रुंद पुळण चालायला मोकळी. अष्टमीच्या सुमाराला उलट होतं. तेव्हा असतो भांग, पाणी फारसं आत-बाहेर करत नाही आणि ओहोटी पडते ऐन दुपारी, डोक्यावर सूर्य असताना. म्हणून सहलीची तारीख ठरवताना फक्त रजा पाहू नका, तिथी पाहा. कोथरूडच्या कुठल्याही ट्रॅव्हल कंपनीच्या माहितीपत्रकात हे सापडणार नाही.

कोरड्या वाळूत चालू नका, पोटऱ्या भरून येतात. पाण्याच्या कडेनं, पाऊल उमटेल पण रुतणार नाही अशा पट्ट्यातून चाला. बूट पिशवीला बांधा, पायात चपला किंवा अनवाणी. जिथे ओढ्याचं किंवा खाडीचं तोंड लागेल तिथे पाण्यातून पलीकडे जायचा उत्साह नको, मुकाट रस्त्यावर या आणि पुलावरून जा. वर पाऊल बुडेल एवढंच दिसणारं पाणी भरतीत बघता बघता कमरेला लागतं.

पोहण्याबद्दल मी कडक आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये जंजिऱ्याच्या मुरुडला पुण्याहून सहलीला गेलेले डझनाहून अधिक विद्यार्थी एका दुपारी बुडाले. दरवर्षी एखादी तरी अशी बातमी येते आणि तिच्यात बहुतेक वेळा घाटावरची मुलं असतात. तलावात पोहता येणं आणि समुद्रात पोहता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओहोटी लागलेली असताना पाण्यात शिरू नका, गुडघ्याच्या वर जाऊ नका, अंधार पडल्यावर पाऊलसुद्धा ओलं करू नका. दारू घेतलेल्या सोबत्याला पाण्यापासून दूर ठेवायची जबाबदारी उरलेल्या तिघांची. कोणी ओढला गेलाच तर त्यानं किनाऱ्याकडे झुंजत येण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर पडावं. बाकीच्यांनी एकामागून एक उड्या न मारता दोरी, फांदी, रिकामा कॅन असं काहीतरी फेकावं आणि होडीवाल्यांना हाका माराव्यात.

मुरुड ते आंजर्ले

पहिला मुक्काम मुरुडात करा. दापोलीहून वाटेत आसूद लागतं. वेळ असेल तर तिथे उतरून सुपारीच्या बागांतल्या पाखाडीनं ओढा ओलांडून केशवराजाच्या देवळापर्यंत चढून या. पायऱ्या दमवतात, पण वर गोमुखातून थंडगार पाणी पडत असतं आणि वैशाखातही तिथे गारवा असतो.

मुरुडची रचना पाहण्यासारखी आहे. मधून रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, आणि घरांच्या मागे नारळी-पोफळीची आगरं. समुद्राच्या बाजूच्या घरांची आगरं थेट पुळणीवर उघडतात. गाव एका सिद्धपुरुषानं आखून वसवलं अशी तिथली आख्यायिका आहे. गावातलं दुर्गादेवीचं देऊळ चुकवू नका. सभामंडपाचं लाकडी कोरीवकाम शांतपणे पाहायला अर्धा तास द्या. कर्व्यांचं स्मारकही गावातच आहे. कोथरूडहून आलो असं सांगितलंत तर दोन प्रश्न जास्त विचारले जातील आणि कदाचित एक कप चहाही मिळेल.

संध्याकाळी दक्षिणेकडे कर्द्याच्या दिशेनं चालत जा आणि परत या. तिथे गर्दी आणि पाण्यातले खेळ वाढलेत. ते नको असेल तर सूर्योदयाला जा. डॉल्फिन दाखवायला होड्या नेतात. डॉल्फिन दिसतीलच असं नाही, आणि त्यांच्यामागे इंजिन लावून धावणाऱ्या होडीत बसू नये असं माझं मत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सालदुरे, पाळंदे करत हर्णै. अंतर चार-पाच किलोमीटर, पुळण आणि रस्ता मिळून. हर्णैची खरी वेळ दुपारनंतरची. चार-साडेचारनंतर होड्या परततात, बंदरात मासळी उतरते आणि वाळूवरच लिलाव सुरू होतो. सुरमई, पापलेट, हलवा, कोळंबी, मांदेली यांचे ढीग पडतात. बोली इतकी झटपट लागते की नवख्याला कोण बोललं आणि किती बोललं तेही कळत नाही. ढिगाच्या कडेला उभे राहा, मध्ये येऊ नका, फोटो विचारून काढा. चौघांपुरती मासळी लिलावातून मिळत नाही. ती बाजूला बसलेल्या बायकांकडून घ्या. पण त्याआधी ती शिजवणार कोण हे ठरलेलं हवं. हर्णैत खाणावळी पैसे घेऊन रांधून देतात. मुरुड-आंजर्ल्यात ज्या घरी उतरला आहात त्या घरी मासळी चालत नसेल, तर पिशवीतून सुरमई घेऊन दारात उभं राहणं म्हणजे यजमानांची पंचाईत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात हर्णैला मासे खायला जाऊ नका.

समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं १७५५ मध्ये पेशव्यांशी हातमिळवणी करून आलेल्या कमोडोर जेम्सनं तुळाजी आंग्रेंकडून घेतलं. आपल्याच आरमाराचा कणा मोडायला आपणच हात दिला, हे त्या तटाकडे बघताना आठवतं. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले त्यांत सुवर्णदुर्ग आहे. त्यामुळे गर्दी वाढणार. होडी माणशी न ठरवता पूर्ण होडीची ठरवा. जाणं, थांबणं, येणं यांचा वेळ त्यातच बोलून घ्या. उतरताना गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, म्हणून अर्धी चड्डी आणि मोबाइलला प्लॅस्टिकची पिशवी. पाणी बरोबर न्या. नाखवा ‘आज नको’ म्हणाला तर वाद घालू नका. दुसऱ्या होडीवाल्याला जास्त पैशाचं आमिष तर मुळीच दाखवू नका.

हर्णैहून आंजर्ल्याला पूर्वी खाडी तरीतून ओलांडावी लागे, आता पूल आहे. आंजर्ल्यात एक तरी रात्र काढा. संपूर्ण पट्ट्यात माझं आवडतं गाव हेच. खाली बाग, खाडी आणि लांबलचक किनारा, वर कड्यावरचा गणपती. गाडीवाले वरपर्यंत गाडीनं जातात, तुम्ही गावातून पायऱ्यांनी चढा. वरून सुवर्णदुर्ग, खाडीचं मुख आणि झावळ्यांचा हिरवा पट्टा एकाच नजरेत येतो. शेजारचं मुर्डी म्हणजे रँग्लर परांजप्यांचं आणि श्री. ना. पेंडशांचं जन्मगाव. एवढ्याशा गावानं महाराष्ट्राला एक गणिती आणि एक कादंबरीकार दिला. ‘गारंबीचा बापू’ वाचलेल्यांनी तिथपर्यंत अवश्य पाय मोकळे करावेत.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर आंजर्ल्यात किंवा उत्तरेला वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला मिळू शकतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं वेळासमध्ये घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून तिथे कासव महोत्सव होऊ लागला. गावातल्या घरोघरी पाहुणे उतरवायची रीतही त्यातूनच रुळली. पिल्लं अंड्यातून कधी बाहेर येतील ते कासवच जाणे. आज आली नाहीत म्हणून कार्यकर्त्यांवर चिडू नका, दोरीच्या आत जाऊ नका, फ्लॅश मारू नका.

पाय आणि रजा शिल्लक असतील तर पुढे पाडले, आडे करत केळशी. तिथली महालक्ष्मी आणि वाळूची प्रचंड टेकडी पाहून परत फिरा. नसतील तर आंजर्ल्यातच दुपारी लोळा. तेही काही कमी नाही.

घरात कसं राहायचं

घरगुती मुक्कामाचं ठिकाण म्हणजे आधी घर, मग व्यवसाय. सकाळी नऊच्या सुमाराला काकू ओटीवर येऊन विचारतात, ‘दुपारी किती पानं?’ तेव्हा चौघांत चर्चा सुरू करू नका. उत्तर तयार हवं. ‘चार पानं, एकाला तिखट कमी’ असं सांगितलं की त्यांचा नारळ तेवढाच खवला जातो. चार सांगून दोघंच जेवायला आलात तर वाया गेलेलं अन्न त्या बोलून दाखवणार नाहीत, पण दोन पानांचे पैसे तुम्ही आपणहून द्यायचे. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या संध्याकाळी सांगा. दुपारी एक वाजता ‘मोदक मिळतील का?’ विचारणाऱ्या पुणेकरांचे किस्से गावात चवीनं सांगितले जातात. ताटात जे येईल ते खा: कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सकाळी घावन किंवा आंबोळी. पनीर मागू नका.

पाणी बंबात तापतं. एकानं तासभर अंघोळ केली की चौथ्याला थंड. पायाची वाळू अंगणातच धुवा, न्हाणीघरात गेली की मोरी तुंबते. अंगणात सुपारी किंवा आमसुलं वाळत असतील तर त्यांना वळसा घाला, तो त्यांचा वर्षाचा पैसा आहे. रात्री नऊला गाव झोपतं. तुमच्या स्पीकरचा आवाज तीन आगरं ओलांडून जातो. दारू चालते का, हे खोली ठरवताना फोनवरच विचारा आणि ‘नाही’ असेल तर ते नाहीच.

खोलीचा दर जेवणासकट की जेवणाशिवाय, माणशी की खोलीमागे, हे आधी नीट विचारा आणि मग घासाघीस करू नका. यूपीआय बहुतेकांकडे आहे, पण रेंज नसते तेव्हा नोटाच कामी येतात. पाचशेच्या नोटा दापोलीतच मोडून घ्या.

पिशवीत काय

सात किलोच्या वर जाऊ नका. दोन जोड कपडे, एक लांब बाह्यांचा सुती शर्ट, टॉवेलऐवजी पंचा (तासाभरात वाळतो), पातळ चादर, विजेरी, टोपी, पाण्याची स्टीलची बाटली, नेहमीची औषधं, जलसंजीवनीची पाकिटं, पायाच्या फोडांना चिकटपट्टी, ओल्या कपड्यांना दोन प्लॅस्टिक पिशव्या. जीन्स नको. ती खाऱ्या हवेत तीन दिवस वाळत नाही. घरून चिवडा-लाडूंचा डबा नेणार असाल तर येताना त्याच डब्यात आपला कचराही घेऊन या. किनाऱ्यावरच्या गावांकडे तो जिरवायची व्यवस्था नाही.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत बरा. आंब्यासाठी एप्रिल-मे काढता येईल, पण मग चालणं फक्त सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर. ३१ डिसेंबरचा आठवडा आणि गणपती टाळा. पहिल्यात खोल्या मिळत नाहीत. दुसऱ्यात एसटी मिळत नाही, आणि त्या गाड्यांवर पहिला हक्क घरी जाणाऱ्या चाकरमान्यांचा आहे. शिमग्याला पालखी पाहायची असेल तर गावातल्या कोणाला तरी आधी विचारून जा. तो त्यांचा सण आहे, आपण पाहुणे.

आता कामाचं एवढंच उरलं: कालनिर्णय उघडा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कोणती पौर्णिमा किंवा अमावास्या शनिवार-रविवारला लागून येते ते पाहा आणि त्या तारखेची दापोलीची चार तिकिटं आजच काढा. चौथा सोबती पक्का झाला की निघा, पाचव्यासाठी तारीख पुढे ढकलू नका.